पुशरॉडचं माप

अप्पा, तुमच्या पांढऱ्या गाडीचं इंजिन मी शेवटी उघडलं. तुम्ही असताना तिला हात लावायची कुणाची टाप नव्हती, आणि तुम्ही गेल्यावर इतकी वर्षं मीच चालढकल केली. आता आमलीतली गॅरेजची जागा सोडायची आहे, म्हटलं गाडी ओढून नको, चालवत न्यावी.

इंजिनचा वरचा भाग, म्हणजे हेड, खोलताना मनात तुमचंच म्हणणं होतं, की लेथवाल्या काकांनी ते वाकडं घासलं म्हणून व्हॉल्व्ह जळाले. तो दिवस अजून दिसतो. तुम्ही गिऱ्हाइकांसमोर त्यांची अक्कल काढताय, आणि ते खाली बघत एवढंच म्हणतायत की शेठ, एकदा रॉडचं माप घ्या. तुम्ही घेतलं नाहीत. पुढे त्यांच्याकडे कुणी काम टाकेना. लेथ घरी झाकून ठेवून ते प्लास्टिकच्या कंपनीत गेटवर बसायला लागले, आजही बसतात.

मी हेडवर सरळ पट्टी ठेवली. ते सपाट आहे, अप्पा. घासून हेड पातळ झालं की व्हॉल्व्ह ढकलणारी पुशरॉड तेवढी लांब पडते, ती आखूड करावी लागते. तुम्ही जुन्याच टाकल्यात. फट जुळवायचे स्क्रू पार शेवटपर्यंत मागे घेतलेले, तरी ती मोजायची पत्ती आत जात नव्हती. फटच नाही म्हणून टॅपेटची टकटक येत नव्हती, आणि त्याचंच तुम्हाला कौतुक होतं. तिकडे इंजिन तापलं की व्हॉल्व्ह पुरते मिटत नव्हते, म्हणून जळाले. मला तुमचा राग आला. तुमची आठवणही फार आली.

एक जुनी रॉड मधोमध कापली, आटे पाडून कमी-जास्त होणारी केली. पत्ती जराशी अडखळत सरकेपर्यंत ती बोटांनी फिरवत राहिलो. मग काढून व्हर्नियरने मोजली, खात्री होईना म्हणून परत बसवून परत मोजली. जुनीपेक्षा चांगलीच आखूड भरली. तशा रॉड काकांनी घरच्या लेथवर हसत करून दिल्या असत्या. पण ते माप हातात पडताच त्यांना सगळं कळलं असतं. मी वापीला जाऊन करून आणल्या.

काल गाडी चालू केली. काका ड्यूटीवर निघाले होते, आवाज ऐकून आत आले आणि बॉनेटशी वाकून उभे राहिले.

"आता बरोबर वाजतंय, बेटा," ते म्हणाले. "रॉड किती कमी केल्या?"

मी म्हटलं, कमी कुठे केल्या काका, नुसते व्हॉल्व्ह बदलले. ते डबा उचलून कंपनीकडे गेले. रात्री मला जेवण गेलं नाही.

त्यांना खरं सांगू का, हे तुम्हाला विचारायला लिहायला बसलो. तुम्ही नको म्हणाला असतात, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून तर तुम्हालाच विचारतोय.