मस्कतचा रंकाळा

प्रिय सुजाता,

काल जयसिंगपूरला माझे लग्न ठरले. आपल्या घरात आत्मा कोणी मानत नाही, त्यामुळे ही बातमी तुझ्यापर्यंत पोहोचण्याचा संभव नाही, हे मी जाणतो. तरीही ती प्रथम तुला सांगणे मला उचित वाटले. कारण हे लग्न तुझ्यामुळे ठरले आहे. तू काढलेल्या एका फोटोमुळे.

कोणत्या फोटोमुळे, हे तुला सांगायला नको. माझा हसतानाचा फोटो एकच आहे.

आक्काने तो माझ्या नकळत अल्बममधून काढला, उचगावच्या स्टुडिओत त्याच्या प्रती करून घेतल्या आणि स्थळांकडे पाठवल्या. तू गेल्यानंतरचे पुण्यानुमोदन होऊन वर्षही झाले नव्हते. मी रागावलो तेव्हा ती म्हणाली, "मग काय पासपोर्टवरचा देऊ? त्यात तू पोलिसांनी धरून आणल्यागत दिसतोस. गेलेली गेली, अशोक. तुला भाकरी कोण घालणार? मी? माझे गुडघे बघितलेस न्हवं?"

माझ्या बहिणीला दुःख करायला वेळ कधीच मिळाला नाही. तुझ्यासाठीही तिने तो काढला नाही.

तुला आठवते का, कॅमेरा मी का घेऊन दिला होता? मस्कतमधले ते आपले तिसरे वर्ष असेल. मी कार्यालयातून आलो की तू कोल्हापूर सुरू करायचीस. गंगावेशीत म्हैस समोर पिळून देतात ते दूध, पापाची तिकटी, कोडोलीहून येणारा तुझ्या आईचा गूळ. मी हिशेबनीस माणूस. दिवसभर आकडे पाहून आलेल्या माणसाला रोज तेच किती ऐकवावे? मी रुवीच्या बाजारातून कॅमेरा आणला आणि म्हणालो, "तुझा वेळ जाईल." खरे म्हणजे तू गप्प बसावीस, एवढीच माझी अपेक्षा होती. आणि तू गप्प बसलीस. त्या बाबतीत तू फारच आज्ञाधारक निघालीस.

पण मस्कतचे फोटो तू काढलेच नाहीस. एका मलयाळी माणसाच्या चहाच्या टपरीचा तू असा कोपरा पकडलास, की अरबी पाटी बाहेर राहिली आणि आत केवळ वाफ, किटली आणि बाकडे उरले. खाली लिहिलेस, 'मिरजकर तिकटी'. म्हैस काही मिळेना, तेव्हा गल्लीतल्या शेळीवर भागवलेस आणि खाली 'गंगावेस' लिहून मोकळी झालीस. डोंगर, जहाजे, मशिदीचे मनोरे या सर्वांना तू इतक्या कौशल्याने चौकटीबाहेर ठेवत होतीस, की तुझ्या फोटोंमधले मस्कत एकेक गल्ली करत कोल्हापूर होत गेले. दिवाणखान्याच्या भिंतीवर ते सगळे ओळीने लावलेस. सुट्टीत आपण प्रत्यक्ष कोल्हापूरला येत असू, तेव्हा मात्र तू कॅमेरा पिशवीबाहेर काढत नव्हतीस. मी एकदा कारण विचारले. "इथं कशाला? इथं हाय की सगळं," एवढेच म्हणालीस.

कोणी जेवायला आले की मी त्यांना प्रत्येक फोटोचे खरे ठिकाण सांगत असे. वस्तुस्थिती सांगण्यात मला काही गैर दिसत नव्हते. पाहुणे हसत. तू वाढत राहायचीस.

आणि तो फोटो. मत्रहच्या समुद्रकिनाऱ्यावरचा कठडा, संध्याकाळ, मी. तू घरून भेळ करून आणली होतीस आणि वर्तमानपत्राच्या पुड्यात भरून माझ्या हाती दिली होतीस. समोर उकिडवी बसलीस, कॅमेरा डोळ्याला लावलास आणि रंकाळा तलावावरच्या भेळवाल्याच्या आवाजात म्हणालीस, "पावणं, तिखट चालंल न्हवं? मागनं रडायचं न्हाय." मला हसू आवरले नाही. त्या क्षणी तू बटण दाबलेस. याला मी फसवणूक म्हणतो.

दर दोन वर्षांनी माझा करार संपायला आला की तू विचारायचीस, "अहो, औंदा जाऊया की माघारी?" आणि मी म्हणायचो, "आणखी एक करार." त्यानंतर तू कॅमेरा घेऊन बाहेर जायचीस. तुझे ते बाहेर जाणे मी संमती समजत आलो. का नाही भांडलीस? एखादे ताट का नाही आपटलेस? आपल्याला मूल नव्हते, घरात कोणी वडीलधारे नव्हते. तू ओरडली असतीस तर ऐकायला माझ्यावाचून कोण होते? तू समुद्राचा रंकाळा करत बसलीस, आणि तो इतका चांगला केलास की मला वाटले, हिचे भागते आहे.

अकरा वर्षांनी तू परतलीस ती विमानतळाच्या मालविभागातून. लाकडी पेटी, तिच्यावर चिकटवलेला कागद, कागदावर किलोमध्ये तुझे वजन. तापाच्या तिसऱ्या दिवशी माणूस जातो हे मला त्या वयात प्रथमच कळत होते. मी सह्या केल्या. प्रत्येक कागद नीट वाचून केल्या.

तू गेल्यावर चार महिन्यांत मी राजीनामा दिला. लोकांना वाटले, दुःखाने दिला. मला केवळ त्या दिवाणखान्यात बसवेना. चारी बाजूंनी कोल्हापूर आणि मध्ये मी एकटा जेवायला. म्हणजे अखेर मला परत आणलेस ते तूच; फक्त तू सोबत आली नाहीस. हे तुला शोभले का?

आता कालचे सांगतो. मुलीचे नाव विद्या. मुलगी म्हणायचे, पण चाळिशीला आली आहे; धाकट्या भावांची शिक्षणे करता करता लग्न राहिले. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. वडील एस.टी.तून निवृत्त. जयभीम झाले, पोहे आले. समोरच्या स्टुलावर तू काढलेला माझा फोटो ठेवलेला होता.

वडील म्हणाले, "आमची एकच अट हाय पावणं. पोरगी परदेशी जायची न्हाय. तिची नोकरी हितं हाय."

"परदेश?" आक्का म्हणाली. "अवो, त्याला रंकाळा सोडून करमत न्हाय. फोटोच बघा की! रोज संध्याकाळी तिथंच असतोय."

विद्या चहाचा ट्रे घेऊन आली होती. तिने तो ठेवला आणि फोटो उचलून पाहिला.

"आक्का, ह्यो रंकाळा न्हाय."

"आँ?"

"बी.एड. कोल्हापुरात केलंय मी. रोज कॉलेज सुटलं की त्या कठड्यावर बसायचो आम्ही. तिथला दगड काळा हाय. आणि रंकाळ्याचं पाणी एवढं स्वच्छ असतं तर मग काय पायजे हुतं?"

"जुना फोटो हाय. तवा हुतं स्वच्छ," आक्का म्हणाली. वडील हसायला लागले.

विद्याने मला विचारले, "कुठला हो ह्यो?"

"मस्कतचा," मी म्हणालो. "तो समुद्र आहे."

"काढला कुणी?"

आक्काने पायाने माझा पाय दाबला. मी म्हणालो, "माझ्या पत्नीने."

"तरीच," ती म्हणाली. मग बराच वेळ ती फोटोकडे पाहत होती. "समुद्राचा रंकाळा केलाय म्हंजे त्यांना हिकडं यायचं असणार."

"होय."

"मग आल्या का न्हाईत?"

माझ्याकडे उत्तरे होती, सुजाता. करार, निवृत्तीची रक्कम, फ्लॅटचे हप्ते. तुला दिलेली सर्व उत्तरे मला पाठ होती. मी म्हणालो, "मी आणले नाही."

आक्काने पाय काढून घेतला.

"आणि उद्या मला तिकडं न्यायचं म्हणालात तर?"

"मी परत जाणार नाही. तुमची शाळा जयसिंगपूरला आहे, तर कोल्हापुरातला फ्लॅट भाड्याने देऊन मी जयसिंगपूरला राहायला येईन."

एवढे वाक्य. पोह्यांची बशी माझ्या हातात होती, ती मी खालीसुद्धा ठेवली नाही. तू अकरा वर्षे जे मागत राहिलीस, त्याहून अधिक मी एका परक्या स्त्रीला, तिने न मागता, चमचा हातात धरून देऊन टाकले. इतके सोपे होते ते. हे तुझ्यापासून लपवणे मला योग्य वाटत नाही.

"ठीक हाय मग," ती म्हणाली. फोटो तिने माझ्यापुढे सरकवला. "ह्यो मला नको. तुमच्यापाशीच असू दे. ह्यातल्या माणसाला त्यांनी बघितलंय, मी न्हाय."

परतीच्या एस.टी.त आक्का उचगाव येईपर्यंत बोलत होती. "खरं बोलायला गेला शाणा. नशीब, पोरगी तुझ्यापरास खुळी निघाली."

तुला वाईट वाटेल का? वाटावे, अशी माझी इच्छा आहे. वाईट वाटून घ्यायला माणूस कुठेतरी असावे लागते.

रागवायचे असेल तर माझ्यावर रागाव, विद्यावर नको. तिने तुझे काही घेतलेले नाही. जे तुला मिळालेच नव्हते, ते तिला मिळणार आहे.

एक वचन देऊन थांबतो. विद्या जे मागेल, ते ती पहिल्यांदा मागेल तेव्हाच देईन. दुसऱ्यांदा मागण्याची वेळ तिच्यावर येऊ देणार नाही. त्यातली एकेक गोष्ट तुझ्या पुढ्यातून उचलून तिला दिल्यासारखी होईल, हे मला माहीत आहे. तरी देईन. तुला पाहवणार नाही इतक्या सुखात तिला ठेवीन.

अशोक