तीन ठोक्यांचं कलम

मी, खाली सही करणारी, वय एकतीस, अविवाहित, रंगाच्या कारखान्यात देखभाल तंत्रज्ञ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. कोणाचा दबाव नाही, रक्तदाब सकाळीच मोजला, तोही ठीक आहे. निमित्त एवढंच की सोमवारी मला चार नंबरच्या मिक्सिंग टाकीत उतरायचं आहे. दोन वर्षांपूर्वी माझा थोरला भाऊ, दादा, त्याच टाकीत गेला.

१. घरातला माझा हिस्सा आणि बँकेतली शिल्लक आईला.

२. माझी हत्यारं टाकीच्या ऑपरेटरला. टॉर्क पाना त्याने दर सहा महिन्यांनी तपासून घ्यावा. घेणार नाही, माहीत आहे. दादाच्या वेळी टाकी सुरू करायचं बटण त्याने दाबलं होतं, आणि तेव्हापासून तो माझ्यासमोर चहाला बसत नाही. ते बटण माझ्या इशाऱ्यावरून दाबलं गेलं. दोष त्याचा नाही, हे इथे लेखी देते.

३. मामींना माझी काळी छत्री. ती सहा वर्षं त्यांच्याकडेच आहे. दादाच्या दफनाच्या वेळी त्या आईला म्हणाल्या, "देवाला आवडला गं, म्हणून नेला." माझ्या वेळी त्यांना बोलायला देऊ नये. माणूस आवडला म्हणून त्याला पात्यांखाली घालणारा देव मी मानत नाही. मी मानते तो देव त्या दिवशी आमच्यासोबत रडला. याचा पुरावा माझ्याकडे नाही.

४. माझं लाल कुलूप कोणाला द्यावं, ते शेवटी लिहिते. टाकीत उतरणारा प्रत्येक जण आधी मेन स्विचवर स्वतःचं कुलूप लावतो आणि चावी खिशात ठेवतो; कुलूप असेपर्यंत मशीन सुरू होत नाही. ज्याचं कुलूप, त्यानेच काढायचं. त्या दिवशी काम संपवून आम्ही दोघं बाहेर आलो. दादाने आपलं कुलूप काढलं आणि मग त्याला आठवलं, बॅटरी आतच राहिली.

"परत लाव कुलूप," मी म्हटलं.

"तुझं आहे ना? मग झालं. बाहेर आलो की टाकीवर तीनदा ठोकतो, मोजपट्टी."

मोजपट्टी म्हणजे मी. "देवालासुद्धा टेप लावशील तू," असं तो म्हणायचा.

स्विचजवळून टाकीचं तोंड दिसत नाही. मी तीन ठोके ऐकले. कुलूप काढलं, ऑपरेटरला हात केला.

ठोके दादाचे नव्हते. शेजारची गरम टाकी निवताना तिचा पत्रा आकसतो आणि वाजतो. नंतर मी अकरा दिवस तिथे बसून नोंदी केल्या. बहुतेक वेळा एक, कधी दोन. तीन फक्त दोनदा. चौकशीत मी सांगितलं, "तो बाहेर आला असं वाटलं." का वाटलं, ते कोणी विचारलं नाही. आईला 'मशीन सुरू झालं' एवढंच माहीत आहे. आता घरचा गीझर वाजला तरी मी मोजते.

५. संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर आई म्हणते, "देव चांगला आहे." दादा आणि मी म्हणायचो, "सदासर्वकाळ." दोन वर्षं ती दोन्ही वाक्यं एकटीच म्हणते. मी शेजारी मान खाली घालून बसते. एकही रविवार मी चुकवला नाही, पण हा शब्द तोंडून निघत नाही. देव चांगला आहे, तर ते ठोके तीनच का झाले?

कलम चार आईने माझ्या मागे वाचावं असं ठरवलं होतं. पण मेल्यावर कबूल करायला हिंमत लागत नाही.

६. म्हणून आज ते तिला वाचून दाखवलं. ती ताटं पुसत होती.

"तू काढलंस कुलूप?"

"हो."

"तीन ठोके ऐकून?"

"तीन. नक्की."

बराच वेळ ती एकच ताट पुसत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे त्याची वाट बघत होतीस तू. आणि हे ठोके दोन वर्षं एकटीच ऐकत बसलीस? मला उठवायचं नाही का गं?"

प्रार्थनेला बसलो. "देव चांगला," एवढं म्हणून ती थांबली. पुढचं तिला म्हणवेना. बाथरूममध्ये गीझर वाजला. एक. दोन.

"आहे," मी म्हटलं. "सदासर्वकाळ."

तीनचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही, हेही नोंदवते.

७. लाल कुलूप सोमवारी मी लावणार आणि मीच काढणार. म्हणून ते या मृत्युपत्राने कोणालाही देत नाही.

सही: माझी, प्रत्येक पानावर.
साक्षीदार: आमचे पाळकसाहेब, शेजारच्या डॉक्टरबाई. (आई आणि ऑपरेटर यांना यात वाटा असल्याने त्यांची साक्ष घेतलेली नाही. आई दोघांसाठी चहा ठेवून शेजारी बसली होती.)
ठिकाण: आमचं जेवणाचं टेबल.
तारीख: शनिवार, टाकीत उतरण्याच्या दोन दिवस आधी.