झालरीची शेवटची गाठ

संगमेश्वर, १५ ऑक्टोबर

तीर्थरूप बाबूजी,

पायांवर डोकं ठेवते. मी बरी आहो, दोन्ही वेळ जेवते. काळजी करू नका.

इकडेही धानाची कापणी सुरू आहे. धानाले इथं भात म्हणतात. मी दर सोमवारी फळ्यावर 'माहीत आहे का?' लिहिते. या वेळी लिहिलं, चिमणी स्वतः दाणे खाते, पण पिल्लाले अळ्या भरवते. पोरं खूश झाली. मंग म्हटलं, आमच्या कामठ्यात नव्या धानाच्या लोंब्यांची झालर विणून चिमण्यांसाठी ओसरीत टांगतात, तशी आपण करू.

चौथीच्या अठरा पोरांनी लोंब्या आणल्या. विणणं जमलं. पण झालर ज्या गाठीनं टिकते, ती शेवटची गाठ मले आठवेना. मी बोलून गेली, "थांबा, आज आईले फोनवर विचारते, उद्या सांगते."

आईले जाऊन दोन महिने झाले, हे माझ्या तोंडाले अजून ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी पोरांनी विचारलं, "बाई, आई काय म्हणाल्या?" मी सांगतलं, फोन लागला नाही.

रेणूकाकी डबा आणून देते का? की तुमी चहावरच राहता? खरं सांगा.

आईनं मागच्या साली बांधलेली झालर ओसरीत असेल. दाणे चिमण्यांनी केव्हाच खाल्ले असतील, तणस उरली असेल. तरी काढू नका. मी दिवाळीले येतेच आहो.

पण ती गाठ शिकायची तर सोडून पाहावी लागेल. बाबूजी, तुमीच सांगा, सोडू का?

तुमची,
दामिनी