आधीचा मेसेज नंतर

सोमवार, ३ जून

कामावर परत. सूवा शहरात पाऊस. प्रनील — आमचा साहेब — म्हणाला, "लोसा, घाई नाही हं." आणि लगेच काम दिलं! बेटांवरच्या नर्सेस आमच्या वेबसाइटवर पेशंटची माहिती भरतात, शहरातले डॉक्टर दुसऱ्या दिवशी उत्तर देतात. आता तिथेच चॅट हवंय. तीन आठवड्यांत.

बाळाबद्दल कोणी काही बोललं नाही. पाचव्या महिन्यात गेलं ते. बरं झालं, नाही बोलले ते.

शुक्रवार, ७ जून

चॅट चालतंय. चाचणीला मीच विचारते, मीच उत्तर देते.

नवऱ्याने, ऐसेयाने, कसावाचे कंद उकडले. जेवलो. टीव्ही.

मंगळवार, १८ जून

चूक सापडली. नेटवर्क गेलं की पहिला मेसेज फोनमध्येच अडकतो, दुसरा पुढे निघून जातो. सर्व्हर जो आधी पोचेल त्याला वर लावतो. दुरुस्तीला दोन दिवस लागतील.

प्रनीलने विचारलं, "सगळं ठीक?"

"हो."

का म्हटलं? तोंड उघडायचा कंटाळा. बस.

सोमवार, २४ जून

चॅट सुरू झालं. ऑफिसात केक. खाल्ला.

गुरुवार, २७ जून

लाऊ बेटसमूहातल्या एका बेटावरून सिस्टर तारुसिलाचा फोन. काल तिच्याकडे एक बाळंतीण. रक्त थांबेना. डॉक्टरांनी लिहिलं — इंजेक्शन द्या. मिनिटाने लिहिलं — थांबा, देऊ नका, हिचं प्रेशर वाढलंय. तिच्या पडद्यावर उलटं! वर "देऊ नका", खाली "द्या".

"सुई हातात होती गं पोरी. पण मनाला पटेना. वायरलेस रेडिओवर डॉक्टरांनाच विचारलं."

"बाई कशी आहे?"

"दुसरं औषध दिलं. बरी आहे. मुलगी झालीय, काय ओरडते!"

फोन ठेवला. चॅट बंद केलं आणि प्रनीलकडे गेले. म्हटलं, "मला माहीत होतं. अठरा तारखेपासून."

तो म्हणाला, "आधी दुरुस्त कर. मग बोलू."

शुक्रवार, २८ जून

दुरुस्त केलं. वीस वेळा नेटवर्क तोडून पाहिलं. वीसही वेळा क्रम बरोबर.

प्रनीलने चॅट माझ्याकडून काढून घेतलं. घेणारच ना!

रविवार, ३० जून

चर्चहून येताना ऐसेयाला म्हटलं, "मी बाळाचं नाव ठेवलं होतं."

तो चालायचा थांबला.

"मीपण," म्हणाला.