धनुष्याचं वरचं पातं फुटल्याबाबत

कळमनुरी,
रविवार, दि. १२ ऑक्टोबर २०२५

सकाळी साडेपाचला उठलो. नळाला पाणी आले, दोन भांडी भरली. आज ड्युटी नाही. भात केला, तो जास्त झाला. दुपारी ऊन कडक. कोणी आले नाही. पत्र लिहायला बसलो.

ती. शिवशंकरराव यांस प्रभूचा सा. नमस्कार.

तुमची साखर आटोक्यात असेल आणि वहिनींचा गुडघा त्यांना जिने चढू देत असेल, असं धरून चालतो. मी बरा आहे. डाव्या हाताला भोपळा चिरताना थोडं लागलं आहे, त्यामुळे कागद नीट धरता येत नाही. अक्षर हललं तर समजून घ्या. तुमचे वडील, आमचे मामा, नरसीला खुशाल आहेत. शेळ्या-मेंढ्याही खुशाल आहेत, त्यातली एक व्यायली. मामांच्या जेवणाबद्दल मात्र पुढे लिहितो, कारण त्याचा या विषयाशी संबंध आहे.

तुम्ही फोनवर विचारलंत, "दाजी, धनुष्य मोडलंच कसं?" मी "बघतो" म्हणालो. फोनवर मला व्हय, बरं आणि बघतो याखेरीज काही सुचत नाही, हे तुम्हाला सव्वीस वर्षांपासून माहीत आहे. (बाकीचं राधिका बोलायची. मी मागून "माझाही नमस्कार सांग" म्हणायचो, तेवढं पुरायचं.) दुकानदाराला वॉरंटीच्या फॉर्मबरोबर मोडण्याचं कारण लेखी हवं आहे, आणि बहिणीला, राधिकाला, भेट म्हणून ते धनुष्य तुम्हीच घेतलेलं असल्याने फॉर्म तुमच्याच नावाने जाणार. तेव्हा लेखी कळवतो. विजेच्या उपकेंद्रात तेवीस वर्षं मी हेच काम करतो. फीडर बंद पडला की रजिस्टरात वेळ लिहायची आणि पुढच्या रकान्यात कारण. झाडाची फांदी, माकड, साप आणि अज्ञात, एवढ्यात आमचं सगळं बसतं. धनुष्याच्या बाबतीत माकड आणि साप वगळता येतात. बाकी क्रमाने लिहितो.

वहिनींना वाचून दाखवणार असाल म्हणून आधी यंत्राची माहिती देतो. हे देवाच्या तसबिरीतलं धनुष्य नव्हे. याला दोन्ही टोकांना चाकं असतात आणि मधल्या मुठीपासून वर एक, खाली एक अशी दोन पाती निघतात. (पोरी त्यांना लिम्ब म्हणतात.) सगळी ताकद त्या पात्यांत. दोरी ओढली की पाती वाकतात, सोडली की सरळ होतात आणि ती ताकद बाण घेऊन जातो. दोरी बोटांनी सोडायची नसते, त्यासाठी हातात धरायचा एक खटका असतो. राधिका शाळेत पी.टी. शिकवायची आणि सकाळ-संध्याकाळ पोरींना हे शिकवायची. सहा वर्षांत तिच्या हातून त्या धनुष्याला ओरखडाही पडला नव्हता. माझ्याकडे ते नऊ महिने होतं.

जानेवारीत नांदेडच्या दवाखान्यात राधिकाने मला दोन गोष्टी सांगितल्या. एक, धनुष्य दीक्षाला द्या. दोन, तोवर ते कपाटावर ठेवू नका, पत्र्याखाली तापतं. पहिली मी पुढे ढकलली आणि दुसरी विसरलो. दीक्षा म्हणजे तिची सगळ्यात जुनी विद्यार्थिनी, सहावीपासूनची, आता कॉलेजात आहे. ३० ऑक्टोबरला तिची विभागीय निवड आहे आणि वयाच्या गटातलं हे शेवटचं वर्ष. चाकाच्या धनुष्याच्या गटात उभं राहायचं तर चाकाचं धनुष्य लागतं. अख्ख्या तालुक्यात ते एकच होतं, आमच्या कपाटावर.

तर पहिलं संभाव्य कारण उष्णता. एप्रिल-मेमध्ये आमच्या पत्र्याखाली पापड दोन्ही बाजूंनी वाळतात. पाती थर चिकटवून केलेली असतात, थर तापून सुटू शकतात. जूनमध्ये मला हे आठवलं, तेव्हा धनुष्याची पेटी खाली काढून पलंगाखाली ठेवली. म्हणजे पाऊस सुरू झाल्यावर.

दुसरं संभाव्य कारण अतितपासणी. हे आमच्या खात्यात कोणी लिहीत नाही, पण असतं. जूनमध्ये दीक्षा आणि तिची आई संगिताबाई धनुष्य न्यायला आल्या. मी चहा केला आणि सांगितलं, तपासून देतो. उन्हात राहिलेली वस्तू, पोरीच्या तोंडाजवळ फुटली तर? हे बोलणं चुकीचं नव्हतं. मग मी त्यासाठी एक रजिस्टर घातलं. तारीख, वरचं पातं, खालचं पातं, दोरी, चाकं, शेरा. राधिका पात्यावरून कापूस फिरवायची. बारीक चीर असेल तर कापसाचा तंतू अडकतो. मीही वातीचा कापूस रोज फिरवू लागलो. एकदाही तंतू अडकला नाही. रोज शेरा लिहिला, "ठीक. उद्या पुन्हा पाहणे." संगिताबाई जुलैत आल्या, ऑगस्टमध्ये दोनदा आल्या. शेवटच्या वेळी चहाचा कप खाली ठेवून म्हणाल्या, "साहेब, लेकरू धनुष्य मागून राहिलं, लाईटीचं कनेक्शन न्हाई. काहून इतकं तपासून राहिले तुमी?" दीक्षा शेजारी उभी होती. ती राधिकासारखीच उभी राहते, एक पाय थोडा पुढे टाकून. मी सांगितलं, दसऱ्याला देतो.

तिसरं संभाव्य कारण दसरा. राधिकाला जाऊन वर्ष झालेलं नसल्याने आम्हाला सण नव्हता. पण मामा आदल्या दिवशीच नरसीहून आले आणि त्यांनी निकाल दिला की घराला सण नसला तरी हत्याराला सुतक नसतं. त्यांच्या शब्दापुढे मी कधी गेलो नाही. चौरंगावर मामांची मेंढ्या कातरायची कातर, माझी पक्कड, माझा टेस्टर आणि मधोमध राधिकाचं धनुष्य असं सगळं मांडलं. कातरीला दरवर्षी तेल लागतं, म्हणून मामांनी धनुष्यालाही लावलं. तिळाचं, दोन्ही पात्यांना, हात फिरवून फिरवून. एका चाकाला झेंडूची माळ, दुसऱ्याला आपट्याची डहाळी. हळदकुंकू त्या चाकांच्या खाचांत असं बसलं की पावसाळ्यात धुतलं तरी निघायचं नाही. दीक्षा आणि संगिताबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. दीक्षाच्या चेहऱ्यावरून मला कळत होतं की तिला धनुष्याला लागलेलं प्रत्येक बोट मोजावंसं वाटतं आहे.

मग मामा म्हणाले, हत्यार एकदा ताणून देवाला दाखवावं लागतं. पण दसऱ्याला हत्यार चालवायचं नाही, म्हणून बाण लावायचा नाही. (या यंत्राला बाणाशिवाय सोडलेली दोरी म्हणजे विष. पण कातरीला तसं काही नसतं, त्यामुळे मामांना हे माहीत असण्याचं कारण नाही.) ताणायला शेजारचा प्रेमसिंग आला. तो जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणी उचलतो. मी त्याला आधीच समजावलं, बाण हा या यंत्राचा भार आहे, भार नसला की सगळी ताकद पात्यांतच परत येते, तेव्हा ओढायचं आणि हळू परत आणायचं. खटका मी मुद्दामच दिला नाही, माझ्या खिशात ठेवला. त्याने बोटांनी दोरी ओढली. हे धनुष्य निम्म्यापर्यंत जड असतं आणि पुढे एकदम हलकं होतं, हे सांगायचं मात्र माझ्याकडून राहिलं. प्रेमसिंग ओरडला, "साहेब, हलकं झालं! तुटलं का काय?" दीक्षा दारातून ओरडली, "काका, सोडू नका!" मामा म्हणाले, "सोड की लेका, दसरा हाय." प्रेमसिंग तसाच उभा, डोळे माझ्याकडे. आणि मी, तेवीस वर्षं मुरलेला ऑपरेटर, म्हणालो, "बघतो." शेवटी दीक्षाच चपला न काढता आत आली, त्याच्या हातावर दोन्ही हात ठेवले आणि दोघांनी मिळून दोरी परत आणली. काही झालं नाही. तिने पात्यांवरून कापूस फिरवला. तेलामुळे तो नुसता घसरत होता. मामा तिला म्हणाले, "पोरी, न्यायचं असंल तर आजच्यासारखा दिस न्हाई." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, एवढा ताण पडला आहे, आज तपासतो, उद्या सकाळी नक्की देतो.

शुक्रवारी सकाळी दीक्षा आली. पेटी उघडली असता वरचं पातं उभं चिरलेलं, दोरी निसटलेली आणि वरचं चाक वाकलेलं आढळलं.

त्यानंतर कारणांचा तुटवडा राहिला नाही. गल्लीचं म्हणणं, प्रेमसिंगने ओढलं तेव्हाच आतून गेलं होतं. प्रेमसिंग आता माझ्या दारावरून जाताना हात मागे बांधून जातो. संगिताबाईंच्या मते नजर. मामांनी मात्र पेटीत एकदाच वाकून पाहिलं आणि म्हणाले, "माझ्या लेकीची चीज म्या नासली. तेल म्या लावलं." त्या दिवसापासून त्यांनी तेल सोडलं आहे. भाजी बिनतेलाची, वरणाला फोडणी नाही. मी दोनदा सांगितलं की तेलाने पातं फुटत नाही. ते म्हणाले, तुमी चांगले हाव जावईबापू, म्हणून म्हनता. दीक्षा बांबूच्या धनुष्यावर सराव करते, म्हणजे खांदा तरी तयार राहील.

तुम्ही इतकी वर्षं कारखान्यात माल तपासला आहे. तुमचं म्हणणं, फॉर्मवर "मूळ दोष" लिहावं, पाती फुकट मिळतील. तुम्ही ते माझ्या आणि पोरीच्या भल्यासाठी म्हणता, हे जाणतो. वरील सर्व बाबी पाहता माझ्या रजिस्टरातली नोंद अशी आहे: कारण, अज्ञात.

वहिनींना नमस्कार. तब्येतीला जपा.

आपला,
प्रभू

ता. क. पत्र पुन्हा वाचलं. एक बाब राहिली. दसऱ्याला दुपारी चारच्या सुमारास मामा गल्लीत सोनं वाटायला गेले आणि मी धनुष्य तपासायला बसलो. राधिका रोज पहाटे साडेपाचला मागच्या अंगणात बाण सोडायची. आधी दोरीचा आवाज यायचा, मग गवताच्या गठ्ठ्यात बाण रुतल्याचा. त्या आवाजावर मी उठायचो, घड्याळाला गजर कधी लावला नाही. अजूनही त्याच वेळी उठतो. मला तो आवाज एकदा ऐकायचा होता. खटका खिशात होताच. बाण लावला नाही, कारण मामांची मनाई होती. (शिवाय गठ्ठ्यामागे प्रेमसिंगच्या म्हशी असतात आणि माझा नेम मला माहीत आहे.) पेटीच्या झाकणाला आतून राधिकाच्या हातचा कागद चिकटवलेला आहे, "बाण लावल्याशिवाय दोरी सोडू नये." खाली आमच्या धोक्याच्या पाटीवर असते तशी कवटी, माझी चेष्टा म्हणून. जूनपासून मी तो कागद रोज वाचला. त्या दिवशीही वाचला. मग ओढलं आणि खटका दाबला. आवाज झाला. तो नव्हता. मी ते सगळं गोळा करून पेटीत ठेवलं. वर "आढळलं" लिहिलं आहे ते खरंच आहे, मी ठेवलं होतं तसंच आढळलं. हाताची जखम तेव्हाची, भोपळ्याचा संबंध नाही.

ता. क. दुसरा. फॉर्मवर प्रश्न असेल की दोरी बाणाशिवाय सोडली होती का. तिथे होय लिहा. कोणी सोडली, तिथे माझं नाव लिहा. वापरणाऱ्याच्या जागी राधिकाचं नाव आहे, त्याच्याजवळ खोटं नको. फुकट पाती मिळणार नाहीत, नकोत, माझ्या खर्चाने बसवायला सांगा. मामांना मी उद्या नरसीला जाऊन सांगणार आहे. तिथे पोचल्यावर मी नुसतं "बरं" म्हणून परत येण्याची शक्यता आहे, म्हणून तुम्हीही पत्र मिळेल त्या संध्याकाळी त्यांना फोन करून विचारा, दाजींनी काय सांगितलं? म्हणजे मला सांगावंच लागेल. जाताना डब्यात फोडणीचं वरण नेतो. प्रेमसिंगला सकाळी नळावर सांगितलं. तो म्हणाला, "साहेब, दस दिन से हाथ धो रहा हूँ मैं," आणि हसला.

ता. क. तिसरा, आणि खरं म्हणजे यासाठीच पत्र. दुकानदाराला सांगा, धनुष्याचं माप, म्हणजे दोरी किती ओढली जाते ते, बदलायचं आहे. राधिकाचं अठ्ठावीस इंच होतं, ते साडेसव्वीस करायचं. दीक्षाचं माप शाळेच्या भिंतीपाशी हात पसरून उभी करून घेतलं, दोनदा. दुरुस्त झालेलं धनुष्य तिच्या पत्त्यावर पाठवा, पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे. २५ तारखेच्या आत पोचायला हवं. माझ्या घरी पाठवू नका. इथे आलं तर मी ते पुन्हा तपासत बसेन.

पाकिटाचा डिंक चिकटत नाही. सकाळचा भात उरलेला आहेच. त्यातली दोन शितं घेऊन बंद करतो.