अर्ध्या अर्ध्या इंचाने

प्रिय ठमे,

दुकान उघडून बसलोय, पण मशीनला हात लावलेला नाही. दर रविवारी फोनवर तू विचारतेस, आई कुठेय, आणि मी म्हणतो, अंघोळीला गेलीय, शेजारी गेलीय, आत्ताच डोळा लागलाय. मागच्या खेपेला तू म्हणालीस, बाबा, आई दिवसातून अंघोळी तरी किती करते? मी हसलो. ती माझ्याशेजारीच बसलेली होती. तीही हसली, पण तिच्या हसण्याला आता आवाज नसतो.

आईचा थायरॉइड तुला ठाऊकच आहे. बारा वर्षं सकाळची गोळी, अंगात कायमची थंडी, म्हणून बंद कॉलरचेच सदरे. मीच शिवायचो. मध्यंतरी म्हणाली, कॉलर आवळतेय हो. मी शिवण उसवून अर्धा इंच दिला. महिन्याभराने पुन्हा तेच, पुन्हा अर्धा इंच. वर चिडवलंही, बाईसाहेब या वयात बाळसं धरतायत! तिसऱ्या वेळी शिवणीत दाबलेलं जादा कापडच उरलं नव्हतं, तर आतून पाऊण इंचाची पट्टी जोडली, इतकी सफाईने की कुणाच्या लक्षात येऊ नये. ज्यांच्या हाताखाली शिकलो त्यांनी बजावलं होतं, गिऱ्हाईकाच्या अंगाला नाव ठेवायचं नाही, चूक कपड्यात शोधायची. चाळीस वर्षं तेच करत आलो. अडीच महिन्यांत दोन इंचाला पाव कमी एवढा गळा वाढलेला मी माझ्या हाताने मोजला ग, आणि मोजून पुन्हा कात्रीकडे वळलो.

घास अडकायला लागला तेव्हा दवाखान्यात गेलो. बारीक सुईने तपासलं, रिपोर्टात थायरॉइडची जुनीच सूज आली. त्या भरवशावर आणखी तीन आठवडे गेले. मग आवाज बसला. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी जाड सुईने आतला तुकडाच काढून तपासायला पाठवला. लिम्फोमा म्हणतात त्याला. पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, वर्षानुवर्षं सुजलेल्या त्या ग्रंथीतच मूळ धरलेला. मी म्हटलं, कापून टाका. कापणं तेवढं मला कळतं. त्या म्हणाल्या, काका, हा कापायचा नसतो, शिरेतून औषध देऊन विरघळवायचा असतो. आणि खरंच विरघळला ग! पहिल्या डोसानंतर आठ दिवसांत गळा निम्म्यावर. मी वेड्यासारखे सगळे सदरे उसवून पुन्हा बारीक केले. तिचे केस गेले, तर माझ्या टकलाकडे बोट दाखवून तिने कागदावर लिहिलं, आता जुळी दिसतो.

तिसऱ्या डोसानंतर ते परत आलं, पहिल्याहून कडक. दुसरं औषध दिलं, दाद नाही. किरणं दिली, तीही वाया गेली. डॉक्टरीणबाईंना विचारलं, मी आधी आणलं असतं तर? त्या कागद चाळत म्हणाल्या, सांगता येत नाही. फरक पडला नसता म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. आता श्वासाबरोबर शीळ वाजते. गळ्याला भोक पाडून नळी घालता येईल, पण त्यानेही फार तर काही दिवस. तुझ्या आईने नको म्हणून मान हलवली आणि घरी न्यायला लावलं.

तुझी नवी नोकरी पक्की होईपर्यंत तुला यातलं अवाक्षर कळवायचं नाही, असं तिने माझ्याकडून कबूल करून घेतलंय. फोन तिच्या उशाशी असतो, आणि दुकान न् तिची खाट यांच्यात एक पडदा, बोललेलं सगळं तिला ऐकू जातं. म्हणून लिहितोय. तुझ्याकडे निघालेल्या गाडीवाल्याच्या हाती हे पत्र देतो. काल तू फोन ठेवलास, त्यानंतरही ती अर्धा तास तो कानाला लावून बसली होती, ठमे. डॉक्टरीणबाई या आठवड्यापलीकडचं काही बोलत नाहीत. पत्र मिळेल तशी निघ, रजा देवोत न देवोत. येतेय म्हणून फोन करू नकोस, नाहीतर ती मला तुला अडवायला लावेल. शब्द मोडला म्हणून माझ्यावर चिडेल. चिडू दे. चिडायला ती असू दे, म्हणजे झालं.

तुझी वाट पाहणारा, तुझाच
बाबा