विहीर धाकट्याच्या वाट्याला

२८ मार्च ५८
आज गाळ संपला. नऊ दिवस लागले, कंबर गेली. पण झरा मोकळा झाला, पाणी थंडगार. तळाशी बसून ओंजळभर प्यालो. अकरा वर्षं झाली, दर उन्हाळ्यात उतरतो. गाळ काढायचा, निखळलेले दगड बसवायचे, कपारीतलं झाड उपटायचं. शेजारच्या दोन विहिरी ठणठणीत, आपली मोट चालू. अर्धी आळी इथंच घागरी भरते. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, गर्वच वाटला.

६ एप्रिल
श्रीपती कळंबहून आला. माझा धाकटा भाऊ. कचेरीत कारकून झाल्यापासून सणापुरता घरी. विहिरीत कधी वाकून पाहिलं असेल तेवढंच. जेवताना म्हणाला, "दादा, आबा जाऊन वर्ष झालं. आता वाटणी करून टाकू. तुमच्या-माझ्यात पुढं भांडण नको." भांडतंय कोण? पण बरं म्हणालो.

९ एप्रिल
रीत अशी की थोरल्यानं दोन वाटे पाडायचे, धाकट्यानं हवा तो आधी उचलायचा. म्हणजे थोरल्याला लबाडी करता येत नाही. मी मात्र डोकं चालवलं. एकीकडं सडकेकाठचं रान, चांगलं मोठं, एस.टी. समोरून जाते. दुसरीकडं विहीर नि मळा, त्याच्या निम्माच. नोकरदार माणूस मोटेमागं थोडाच फिरणार! सडकेचंच घेणार. घरी बायकोला सांगितलं. कौसल्या म्हणाली, "लई शाने हाव तुमी." अन् भाकरी थापत राहिली.

११ एप्रिल
विहीर त्यानं घेतली.
पंचांपुढं हसत म्हणाला, "दादांच्या हातची आहे. अजून दहा वर्षं तिला काही होत नाही. मी डोळे झाकून घेतो." पंचांनी माना डोलावल्या. काय बोलणार? वाटे मीच पाडलेले. अन् ती अशी राखली कुणी, की बघणाऱ्यानं डोळे झाकून...
नाही लिहवत.

१२ एप्रिल
जेवलो नाही. गाळानं भरू दिली असती तर आज माझी असती. निगा राखल्याचा हा मोबदला.

२ मे
श्रीपतीनं मळा बटईनं, निम्म्या पिकाच्या वाट्यानं, दिला. परगावचा गडी, महादू. श्रीपतीनं निरोप धाडला, दादांनी प्यायचं पाणी खुशाल न्यावं. मेहेरबानी!

१९ ऑक्टो.
सडकेच्या रानात हातभर खाली मुरूम. ज्वारी पिवळी पडली. येताना उगाच मळ्याकडून आलो. विहिरीच्या आतल्या अंगाला पिंपळाचं रोप दिसलं, दोन पानांचं. आत्ता चिमटीनं निघेल, मग दगड फोडील. सवयीनं तीन पायऱ्या उतरलोही. महादू आला. "नाना, राग नका मानू. मालकानं सांगितलंय, इचारल्याबिगर कुणाला उतरू द्यायचं न्हाय." गडी भला आहे, वर तंबाखूही पुढं केली. घेतली नाही. परत फिरलो. रोप तिथंच.

८ फेब्रु. ५९
श्रीपतीचं पत्र. महादू सोडून गेला म्हणे. "गाळाचं यंदाही तुम्हीच पाहावं. तुमच्यासारखं कुणाला जमत नाही. तुम्ही कराल याची खात्री आहे." आधी उतरू नका, आता उतरा. पत्र फाडलं.
कौसल्येनं तुकडे वेचले. म्हणाली, "येक इचारू? इतकी वर्सं उपसत होता, ते पान्यासाठी का मालकीसाठी?" नको तेवढं ओरडलो तिच्यावर. ती गोठ्यात निघून गेली.
 

२२ मार्च
गावात कुणी तरी म्हणालं, नानाची हीर हिरवी पडली. 'नानाची' म्हणतात अजून! मुद्दाम जाऊन पाहिलं. पाणी खाली गेलंय, वर शेवाळाची साय. पिंपळ बोटाएवढा जाड, दोन दगड पुढं सरकलेत. पाहून आनंद झाला. झाला, लपवून काय करू? भोग म्हणावं श्रीपती. घरी येईतो त्या आनंदाची लाज वाटायला लागली.

४ एप्रिल
सकाळपासून दारात सात-आठ बायका, रिकाम्या घागरी घेऊन. पाण्याला वास सुटलाय, पोरांची पोटं बिघडलीत. मी म्हणालो, विहीर माझी नाही, कळंबला जा, श्रीपतीला सांगा. गंगूआत्या आबांच्या वयाच्या. म्हणाल्या, "त्यो कवा उतरलाय रं हिरीत? आमाला तूच ठावा."
मी म्हणालो, माझा संबंध संपला. कुणी भांडलं नाही, कुणी हात जोडले नाहीत. बसल्या ओट्यावर. कौसल्या त्यांना तांब्याभर पाणी द्यायला उठली नि रांजणापाशी थांबली. आमच्या रांजणातही तेच पाणी.
आत येऊन हे लिहितोय.  दुपार कलली, बायका अजून उठलेल्या नाहीत.